मागखात्यातला अबोला

फ्रीडा पिलिंग संग्रहालयात शिरली ती इतिहास बघायला नव्हे, लघवीला लागली म्हणून. कानाच्या दवाखान्यातून घरी जाताना बस बदलावी लागे, दुसरी बस यायला वेळ होता, आणि स्टँडवरचं स्वच्छतागृह बंद होऊन जमाना झाला होता. समोरच नॉर्थगेट गिरणीचं जुनं इंजिनघर उभं होतं. बाकीच्या गिरणीचे फ्लॅट झाले, इंजिनघराचं संग्रहालय झालं, आत जायला तिकीट नाही आणि संडास अगदी चकाचक आहेत, हे तिला म्हाताऱ्यांच्या दुपारच्या जेवणाच्या क्लबातल्या बायकांनी सांगून ठेवलं होतं. ज्या गिरणीत उमेदीची वर्षं घासली तिथे आता एवढ्याच कामासाठी जायचं, याची तिला जराशी गंमतही वाटली. काम उरकून ती बाहेर आली आणि दाराऐवजी भलतीकडेच वळली. एक अंधारी खोली, एक बाक, आणि भिंतभर हलणारं करडं चित्र. त्यात एक विशीतली पोरगी मागांच्या मधल्या बोळात उभी राहून कॅमेऱ्याला बत्तिशी दाखवत होती. कुणाची ही आगाऊ कार्टी, असं फ्रीडाच्या मनात आलं, आणि मग कपाळावरची ती मुद्दाम वळवलेली बट बघून तिला कळलं की ही आपणच. त्याचं तिला विशेष काही वाटलं नाही. म्हातारपणी आपला जुना फोटो हाती लागला की वाटतं तेवढंच वाटलं. पण त्या पोरीच्या पाठीमागे, बोळाच्या पलीकडच्या मागांवर, बेरिल उभी होती. बेरिलचे ओठ हलले आणि फ्रीडाला स्पष्ट ऐकू आलं. कानातलं नवं यंत्र नुसतं शिट्टी घालत होतं, त्याचा यात काही संबंध नव्हता. बेरिल म्हणत होती, "फ्रीडा, आज तुझ्याकडे झोपायला येऊ?"

फ्रीडा बाकावर बसली.  चित्रफीत लहानशीच होती, संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. बायका दारातून आत येतात, छताखालचे पट्टे फिरतात, फोरमन उगाचच खिशातलं घड्याळ काढून बघतो, मग कॅमेरा बोळातून पुढे सरकतो आणि ती हसरी पोरगी येते. दुसऱ्या खेपेला फ्रीडाने पहिल्यांदा निसटलेलं बघितलं. बोलण्याआधी बेरिल वाया गेलेल्या सुताचा एक बोळा करून फेकते. तो त्या पोरीच्या खांद्याला लागतो. पोरीचा हात वर जातो, खांदा झटकतो, अंगावरची माशी झटकावी तसा, आणि हसू जागचं हलत नाही. मग बेरिल बोलते. बोलून झाल्यावर थोडा वेळ त्या पाठीकडे बघत राहते, मनगटाने नाक पुसते आणि आपल्या मागाकडे वळते. कॅमेरा पुढे जातो. फ्रीडाने पुन्हा बघितलं, पुन्हा बघितलं. दुसरी बस गेली, तिसरीही गेली असेल. दर खेपेला तिला वाटे की या वेळी ती पोरगी मागे वळेल, आणि असं वाटतंय म्हणून तिला स्वतःची लाज वाटे.

मागखात्यात शेकडो माग एकदम चालत, तिथे कान ही बिनकामाची वस्तू होती. आत पाऊल टाकलं की आवाज छातीत शिरायचा आणि संध्याकाळपर्यंत तिथेच मुक्काम ठोकायचा. संग्रहालयात त्या आवाजाचं एक बटण आहे. लहान मुलांनी कान झाकावेत अशी पाटी खाली लावलेली आहे, आणि दाबलं तर शेजारच्या घरात कपडे धुवायचं यंत्र चालू असावं तशी घरघर येते. खऱ्या आवाजात माणसं बोलायची ती ओठांनी. गळ्यातून काही काढायचं नाही, ओठ, जबडा, भुवया सगळं ताणून शब्द घडवायचा आणि समोरचीच्या डोळ्यात टाकायचा. मी-मॉ म्हणत त्याला. या कोपऱ्यातली विणकरीण त्या कोपऱ्यातलीला कुणाचं लग्न मोडलं ते सांगायची आणि मधल्या सगळ्यांना फुकटात कळायचं. खासगी असलं तर तोंडापुढे आडवा हात धरायचा. चौदा-पंधराव्या वर्षी आत गेलेल्या पोरी महिन्याभरात ही भाषा उचलत आणि मग आयुष्यभर बाजारातही, चर्चमध्येही, बसच्या काचेतूनही तीच बोलत. तिचा नियम एकच, बघेल त्याला ऐकू येईल. म्हणून मागखात्यात भांडण झालं की कुणी शिव्या देत बसत नसे. पाठ करत. बाहेर कितीही अबोला धरला तरी चार शब्द कानावर पडतातच, त्यांना कोण अडवणार? मागखात्यातला अबोला मात्र दाराला आतून कडी घातल्यासारखा पक्का असे. सुताचा बोळा फेकणं म्हणजे ते दार ठोठावणं, आणि खांदा झटकणं म्हणजे काय, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

बेरिल आणि फ्रीडा शाळा सुटली त्याच उन्हाळ्यात एकदम कामाला लागल्या. बेरिलच्या हाताला सफाई होती, फ्रीडाच्या जिभेला. तुटलेला धागा बेरिल अशी जोडायची की कापड तपासणाऱ्याला गाठ सापडू नये, आणि फ्रीडा तिला सांगायची की तू असली गरीब गाय, तुझं लग्न मलाच जमवावं लागणार. दोघींचं सगळं ठरलेलं होतं. उन्हाळ्यात एक आठवडा शहरातल्या सगळ्या गिरण्या एकदम बंद होत आणि अख्खं शहर उठून ब्लॅकपूलला समुद्रावर जाई. इथे शेजारी राहणारे तिथेही शेजारीच येऊन पडत आणि एकमेकांना बघून नवल करत. त्या वर्षी दोघींनी पहिल्यांदाच आपली आपण खोली ठरवली होती, आईबाप नकोत, भावंडं नकोत, आणि खिडकीतून वाकलं तर समुद्राची रेघ दिसणारी. आणि सुटी तोंडावर आली असताना बेरिल म्हणाली की मला नाही जमायचं. का, तर घरी अडचण आहे. कसली अडचण? बेरिलने नुसते खांदे उडवले. घरी म्हणजे तिची आई, सावत्र बाप अल्बर्ट आणि त्यांचा धाकटा रेमंड. अल्बर्ट म्हणजे सभ्य माणूस, प्रार्थनामंदिरात खर्जात गाणारा, रस्त्यात पोरीबाळींनासुद्धा टोपी उचलून नमस्कार करणारा. दारू नाही, काही नाही. असल्या घरात कसली आली आहे अडचण, असं फ्रीडाला तेव्हा वाटलं, आणि तिचं डोकं फिरलं. आता तिला खात्यातल्या ईडिथबरोबर खोली घ्यावी लागणार होती, आणि ईडिथ झोपेत घोरायची आणि जागेपणी आपल्या पोटाच्या तक्रारी सांगायची. फ्रीडाने बेरिलला पाठ केली. त्या वयात रागाला कारण कितीसं लागतं!

सुटी लागण्याआधीच्या शेवटच्या दिवशी मालकाचा धाकटा मुलगा नवा कॅमेरा घेऊन खात्यात आला. सगळ्याजणी आदल्या रात्री केस वळवून आलेल्या होत्याच, त्यात हा सिनेमा. आपल्या बोळातून तो येणार हे फ्रीडाला आधीच कळलेलं होतं. तो ठोकळ्यासारखा कॅमेरा आणि त्यामागचा घामेजलेला पोरगा तिला नीट आठवे. पण खांद्याला लागलेला बोळा आठवे का? संग्रहालयातून घरी येऊन ती आरामखुर्चीत बसून हेच आठवून बघे. कधी अगदी खांद्याच्या हाडावर तो हलका ठोका जाणवे, आणि मग शंका येई की हे खरंच आठवतंय की भिंतीवर बघितलं म्हणून आठवतंय. बोळा बेरिलचाच, हे तेव्हा ठाऊक असणार. दुसऱ्या कुणाचा असणार! पण हा 'असणार' काही आठवण नव्हे. तिच्याच हाताने केलेली गोष्ट तिच्याकडे नव्हती, संग्रहालयाकडे होती.

ब्लॅकपूलहून शहर परतलं तेव्हा धुराडी अजून गार होती. आठवडाभर धूर नसला की शहराचं आकाश परक्यासारखं निळं व्हायचं, टेकड्या एकदम जवळ यायच्या, आणि कालव्यात होड्यांची ये-जा नसल्याने पाणी तळ्यासारखं निपचित पडून राहायचं. त्या पाण्यात एका मासे धरणाऱ्याला बेरिल सापडली होती. फ्रीडाला हे तिच्या गल्लीच्या तोंडाशी, हातातली बॅग खाली ठेवायच्या आत, तीन बायकांनी एकदम सांगितलं. पुढे अपमृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने तिला बोलावलं. म्हातारा मायाळू होता. मयत मुलगी तुमच्यापाशी काही बोलली होती का, असं त्याने मोठ्याने आणि सावकाश विचारलं, गिरणीवाल्यांशी सगळेच तसे बोलत. नाही साहेब, फ्रीडा म्हणाली, एक अक्षरही बोलली नाही. ते खरंच होतं. त्या खऱ्यावर तिने पुढचं सगळं आयुष्य रचलं. विल्फशी लग्न झालं, मुलं झाली, गिरणी बंद पडली, मुलं लांब गेली, विल्फ गेला. मधूनच बेरिल मनात येई, आणि मग फ्रीडा दर वेळी तेच म्हणे की सांगायचं होतंस गं, एका शब्दाने सांगायचं होतंस, मी काय नाही म्हटलं असतं? बेरिलवरचा थोडासा राग तिने इतकी वर्षं जपून ठेवला होता, आणि त्या रागाचा तिला आधार होता हे तिला आत्ता कळत होतं. आता तोही गेला. अल्बर्टच्या घरातली अडचण म्हणजे खुद्द अल्बर्टच, हे तिला तिच्या पन्नाशीच्या आसपास कधीतरी, कुणी न सांगता, टीव्हीवरचा भलताच कार्यक्रम बघताना समजून गेलं होतं, आणि समजल्याबरोबर ती उठून भांडी घासायला गेली होती.

दर गुरुवारी ती जायला लागली. क्लबातल्या बायकांनी कान टवकारले, हिने तिथे कुणी म्हातारा गाठलाय की काय. संग्रहालयात सादिया नावाची मुलगी कामाला होती, याच शहरातली, तिचा आजा नॉर्थगेटमध्येच रात्रपाळीला माग चालवायचा. तिने फ्रीडासाठी बाकाऐवजी पाठ असलेली खुर्ची आणून ठेवली, कधी कागदी पेल्यातून गोड चहा आणून द्यायला लागली. एकदा ती अंधारात बराच वेळ भिंतीला टेकून उभी होती, ते फ्रीडाला कळलंच नाही.

"मिसेस पिलिंग, तुमचे ओठ हलत होते."

"दात नीट बसत नाहीत."

"थापा नका मारू. तुम्हाला कळतंय त्या काय बोलतात ते."

मग सादिया खुर्चीशेजारी जमिनीवरच बसली आणि विनवायला लागली. चित्रफीत मुकी, लोक येतात, दोन मिनिटं बघतात, जातात. खाली बोलणं लिहिलं तर त्या बायका जिवंत होतील. फ्रीडाला नाही म्हणवेना, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मजाही आली. छोटा संगणक मांडीवर ठेवून सादिया चित्र थांबवी आणि फ्रीडा सांगे. ही म्हातारी ॲलिस म्हणतेय, मालकाला सांगा, तुझ्या पोराच्या विजारीचं बटण उघडं आहे. हा फोरमन स्वतःलाच म्हणतोय, पोट आत घे, पोट आत घे. सादिया डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली, आणि आपलं बोलणं ऐकून एक तरुण पोर हसतेय याचा फ्रीडाला आनंद झाला. तिला असा आनंद होऊन फार दिवस झाले होते. आणि त्या आनंदाच्या भरातच चित्रात तो मागांमधला बोळ आला. आता बेरिल येणार हे तिला ठाऊक होतं, तरी ती काही तयारी न करता हसत हसत तिथपर्यंत जाऊन पोचली.

"आणि ही मागची?" सादियाने चित्र थांबवलं. "ही कॅमेऱ्याशीच बोलतेय ना?"

बेरिलचं तोंड 'येऊ'वर उघडं राहिलं होतं. फ्रीडाच्या ध्यानात आलं की हे वाक्य आजवर कुणीच आवाजात म्हटलेलं नाही, बेरिलनेही नाही. ते आता तिच्या या खरखरीत म्हाताऱ्या आवाजात यायचं, यंत्रात जायचं, आणि त्यानंतर सादिया मऊपणे विचारणार, कुणाला विचारतेय ती? मग? तुम्ही काय म्हणालात? आणि पुढे उभी असलेली ती बत्तिशी.

"पायांचे तुकडे पडलेत म्हणतेय," फ्रीडा म्हणाली. "कधी एकदा सुटी लागते असं झालंय."

सादियाने ते लिहून घेतलं. तिला ते फार आवडलं.

घरी जाताना बसमध्येच फ्रीडाने ठरवलं की पुढच्या गुरुवारी सांगून टाकायचं. त्यात काय, चुकलं म्हणायचं, डोळे गेलेत म्हणायचं. पुढच्या गुरुवारी तिला ताप होता. त्याच्या पुढच्या गुरुवारी ताप नव्हता, पण ती गेली नाही. न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी राहून ती ते वाक्य म्हणून बघे, आवाज काढून. आवाज फुटला की ते वाक्य खोटं वाटे, कुणी तिऱ्हाईत बाई दारात येऊन आसरा मागतेय तसं. नुसत्या ओठांनी म्हटलं की ते खरं होई आणि मग आरशातलं तोंड बघवत नसे. दिवस असेच चालले. काही केलं नाही तरी गोष्टी आपल्या आपण पुढे जातच असतात. एके दुपारी जेवणाच्या क्लबात बायकांनी तिला टाळ्या वाजवून आत घेतलं. संग्रहालयात चित्राखाली बोलणं आलंय, फ्रीडाचं नाव भिंतीवर लागलंय, आता आमच्याशी बोलशील ना गं बाई, वगैरे वगैरे. ताटातल्या बटाट्यावर चमचा मारत फ्रीडा हसली. 

गुरुवारी ती गेली. ठरवूनच गेली की कोट काढायच्या आत सांगायचं. अंधाऱ्या खोलीत आता बाक पुरत नव्हता, लोक उभे होते. ॲलिसच्या वाक्याला हशा उठला, फोरमनच्या पोटाला त्याहून मोठा. मग बोळ आला, आणि बेरिलच्या छातीवरून पांढरी ठळक अक्षरं गेली, 'पायांचे तुकडे पडलेत! कधी एकदा सुटी लागते असं झालंय.' लोक हसले, पण जरा मायेने, आपल्यातल्याच कुणाला हसावं तसे. हातात खरेदीच्या पिशव्या असलेली एक बाई तर म्हणाली, अगदी खरं गं माझे बाई. फ्रीडा बेरिलच्या ओठांकडे बघत होती. ओठ आपलं तेच म्हणत होते. पण अक्षरं इतकी ठळक होती की डोळा आधी तिकडे जाई, आणि अक्षरं वाचून ओठांकडे यावं तर बेरिल मागाकडे वळलेली असे. तिला स्वतःलासुद्धा आता ते धड ऐकू येत नव्हतं.

सादिया गर्दीतून वाट काढत आली. फ्रीडाने तिचा दंडच धरला.

"पोरी, एक चुकलंय त्यातलं."

"बदलता येईल की. पण आधी चला, तुम्हाला भेटायला कुणीतरी थांबलंय. सकाळपासून बसलेत."

साठीकडे झुकलेला एक आडव्या अंगाचा माणूस उठून उभा राहिला. टोपी दोन्ही हातांत धरलेली. तो काय म्हणाला ते कानांना कळलं नाही, ओठांवरून कळलं. "मी रेमंड. बेरिलचा भाऊ."

फ्रीडा खुर्चीत बसली. रेमंड तिच्यासमोर वाकून बोलत होता, ओठ नीट दिसतील असा. ते त्याला आईने शिकवलं असणार, तीही विणकरीणच. तो सांगत होता की घरात बेरिलचा एक फोटो ठेवला नव्हता, आईने सगळे चुलीत घातले. तो जेमतेम चार-पाच वर्षांचा. चेहरासुद्धा आठवत नव्हता, फक्त तिच्या हाताला येणारा मागाच्या तेलाचा वास. लहानपणी त्याला वाटायचं की आपणच काहीतरी दांडगाई केली म्हणून ती गेली. मोठेपणी वेगळं वाटायला लागलं, ते त्याने कुणालाही, बायकोलाही सांगितलं नाही. बाबा शेवटपर्यंत कालव्याकाठी जाऊन बसायचे. दर वर्षी प्रार्थनामंदिरात तिच्या नावाने फुलं ठेवायचे. रेमंडला त्या फुलांचा राग यायचा, आणि का येतो ते कळायचं नाही. बाबांच्या मरणालाही तो कोरडाच उभा राहिला.

"जन्मभर त्या माणसावर संशय घेतला मी," रेमंड म्हणाला. "आणि इथे येऊन बघतो तर काय, आमची बेरिल पाय दुखतात म्हणून कुरकुरतेय. सुटीची वाट बघतेय. सुटीची वाट बघणारं माणूस असं काही मुद्दाम करत नाही, हो ना? पाय घसरला असणार तिचा. दिवे नव्हते तिथे तेव्हा."

 रेमंडच्या मागे भिंतीवर बायका पुन्हा दारातून आत यायला लागल्या होत्या.

"तुम्ही तिच्या मैत्रीण. तुम्हीच सांगा. खरंच तेच म्हणतेय ना ती?"

सादिया बाजूला उभी होती, काय चुकलंय ते ऐकायला थांबलेली.  रेमंडचं नाक बेरिलसारखं होतं, टोकाशी किंचित वर उचललेलं, आणि कपाळ अल्बर्टसारखं रुंद. हे कपाळ बघून आपल्याला किळस येईल असं फ्रीडाला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. एक दमलेला माणूस, इतकंच. खरं सांगितलं तर तो पुन्हा त्याच संशयात जाणार, आणि या वेळी कायमचा. नाही सांगितलं तर बेरिल कायमची पायांची तक्रार करत राहणार. दोन्ही गोष्टी तिला स्वच्छ दिसल्या, आणि दोन्हींमध्ये बेरिलला आज रात्री कुठे झोपायचं याचं उत्तर नव्हतं.

"हो," फ्रीडा म्हणाली.

"अगदी असंच?"

"अगदी असंच. पायांचं फार होतं तिला. सारखी म्हणायची."

रेमंड रडला. मोठा माणूस रडतो तसा, तोंड वेडंवाकडं करून, लोकांची पर्वा न करता. त्याने तिचे दोन्ही हात धरले, आणि त्याच्या बोटांच्या उबेने फ्रीडाच्या अंगावर काटा आला. सादियाने हळूच विचारलं की मघाशी काय चुकलंय म्हणत होतात. काही नाही, फ्रीडा म्हणाली, ॲलिसचं आडनाव चुकलंय, त्यात एक अक्षर जास्त पडलंय. सादियाने ते टिपून घेतलं. पाठीमागे लोक फोरमनच्या पोटाला हसले.

रेमंडने रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाला की पुढच्या गुरुवारी बायकोला घेऊन येतो, तिलाही बघू दे. तुम्ही बसने कशाला ताटकळता, मी गाडी आणतो तुमच्या दारात. मग निवांत बसू इथे तिघं, तुम्ही तिच्याबद्दल सांगा सगळं, हसायची कशी, खायची काय. पुढच्याही गुरुवारी येऊ. आता मला काय, रिकामाच आहे. फ्रीडाने मान डोलावली. त्याने पत्ता विचारला. तिने तो सांगितला, आणि त्याने दोनदा म्हणून पाठ केला.